माळ्याच्या फळ्या

आमच्या लाँचच्या फळ्या बदलायच्या नाहीत, असं मी गावाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं होतं. एकदा नाही, तीन वेळा. तिन्ही वेळा लोकांनी माझं ऐकलं, कारण लाँचची देखभाल माझ्याकडे होती आणि पिरंगुटच्या कारखान्यात फिटर म्हणून माझी निम्मी नोकरी झाली होती. यंत्रातलं याला कळतं, म्हणजे लाकडातलंही कळत असणार, असं लोक धरून चालले. मीही तसंच धरून चाललो होतो. आता मत बदललंय, तर तेही उघडपणे सांगायला हवं.

आमची वाडी मुळशी धरणाच्या आतल्या काठावर आहे. रस्त्यानं बाजाराच्या गावाला जायचं तर पाण्याला भलामोठा वळसा पडतो. पावसाळ्यात दरड आली की तोही बंद. पाण्यावरून अर्ध्या तासाचं काम. म्हणून गावानं फार पूर्वी वर्गणी काढून एक जुनी लाँच घेतली. लाकडी अंग, मागच्या बाजूला एक सिलिंडरचं किर्लोस्कर डिझेल इंजिन, आणि त्या इंजिनाच्या खड्ड्यावर आडव्या टाकलेल्या सात फळ्या. इंजिनाचं काही काम निघालं की फळ्या उचलायच्या, झालं की परत ठेवायच्या. माणसं त्यावरच उभी राहतात, त्यावरच बसतात. रेशनचं धान्य, दुधाच्या किटल्या, आंबेमोहोराची पोती, एकदा तर आजारी वासरू, सगळं त्या सात फळ्यांवरून गेलेलं आहे.

या फळ्या सागाच्या, आणि त्या आमच्या घरच्या होत्या. माझा सगळा हट्ट त्यातून आलेला, म्हणून थोडं मागे जावं लागेल.

मुळा आणि नीला या नद्यांच्या खोऱ्यात टाटांचं धरण होणार हे कळलं तेव्हा मावळातली माणसं उठली. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्यानं दिलं. तीन वर्षं माणसं तुरुंगात जात राहिली. पण धरण झालं. १९२७पासून आमच्या नद्यांचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडे जायला लागलं, आणि त्या विजेवर मुंबई चालली. माझ्या पणजोबांचं घर पाण्याखाली गेलं. पाणी चढायच्या आधी त्यांनी ते हातानं मोडलं. खांब, तुळया, दाराच्या चौकटी, माळ्याच्या फळ्या, जे काही उचलता आलं ते बैलांवर आणि डोक्यावर घालून वर टेपाडावर आणलं आणि त्याच लाकडाचं पुन्हा घर उभं केलं. मी सातवीत असताना ते घर उतरवून माझ्या वडिलांनी, अण्णांनी, विटांचं बांधलं. त्याच सुमाराला लाँचच्या मूळच्या फळ्या गेल्या होत्या. अण्णांनी माळ्याच्या फळ्या मापानं कापल्या आणि लाँचवर टाकल्या.

पाण्यात गेलेल्या घराचा माळा त्याच पाण्यावर तरंगतोय, ही गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. अण्णा गेल्यावर तर ती फारच घट्ट झाली. शहरातून कुणी पाहुणा आला की त्याला लाँचवर नेऊन मी आधी फळ्या दाखवायचो. हात लावा म्हणायचो. शंभर वर्षांचा साग आहे, याला काही होत नाही म्हणायचो. कुणी शंका काढलीच तर माझ्याकडे दाखला तयार असे: मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७मध्ये बांधलेलं ट्रिंकोमाली नावाचं सागवानी लढाऊ जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलच्या बंदरात तरंगतंय. दोनशे वर्षं. मग आमच्या फळ्यांचं काय घेऊन बसलात?

दाखला खरा आहे. मी त्याचा अर्धाच भाग सांगत होतो. त्या जहाजाच्या डागडुजीला दहा वर्षांहून जास्त काळ लागला, आणि त्यात कुजलेलं लाकूड काढून नवं घातलं, म्हणूनच ते आज पाण्यावर आहे.

मागच्या वर्षी आषाढात दिंडीची मंडळी परतल्याच्या आठवड्यात वाडीतल्या एक आजी बाजारातून येत होत्या. हातात तेलाची बाटली आणि पिशवी. लाँच काठाला लागत होती, इंजिन मंद चालू होतं. आजी उठल्या, तिसऱ्या फळीवर पाय ठेवला आणि फळी आवाज न करता आत गेली. कडाडली असती तर निदान कुणी धावलं असतं. ओल्या पावासारखी दबली ती. आजींचा पाय गुडघ्यापर्यंत खड्ड्यात. मी इंजिन बंद केलं आणि वाकून पाहिलं. त्यांची पोटरी फळीच्या काठानं सोलली होती, आणि तळवा फिरत्या पट्ट्यापासून वीतभर अंतरावर होता. एक वीत. नंतर मी ते अंतर मोजलं, म्हणून सांगतो.

आजी माझ्यावर रागावल्या नाहीत. “तेल सांडलं का रं?” एवढंच विचारलं.

इथे मत बदललं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण खरं सांगायचं तर बदललं नाही. मी दुसऱ्या दिवशी पिरंगुटहून पत्रा आणला, फळीवर ठिगळ ठोकलं, चारी कडांना सिलिकॉन भरलं आणि बैठकीत तिसऱ्यांदा तेच बोललो: एक फळी दुखावली म्हणून सगळा वारसा फेकून द्यायचा का? ‘वारसा’ हा शब्द वापरला होता मी. आजी त्या बैठकीत पायाला फडकं बांधून मागे बसल्या होत्या.

पावसाळा संपला. दिवाळीच्या सुट्टीत मी इंजिनाच्या कामासाठी सातही फळ्या उचलून काठावर उताण्या टाकल्या. एरवी एकेक उचलायचो, काम झालं की ठेवून द्यायचो. सगळ्या एकत्र, उलट्या, उन्हात, अशा मी कधी पाहिल्याच नव्हत्या.

पत्र्याचं ठिगळ काढलं. त्याखाली फळी उरलीच नव्हती. काळपट, तपकिरी भुगा होता आणि त्यात पांढऱ्या बुरशीचे धागे. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. ठिगळ मारताना जेवढं कुजलेलं होतं त्याच्या चौपट आता कुजलं होतं, आणि नेमकं पत्र्याच्या आकारात. पत्र्यानं वरचं पाणी अडवलं होतं, पण कडेनं आत शिरलेलं पाणी बाहेर जाऊ दिलं नव्हतं.

मग मी एकेक फळी टोचत गेलो आणि मला माझंच काम दिसत गेलं. इंजिनावर पाणी ठिबकू नये म्हणून फळ्यांच्या खालून मी रबरी मॅट चिकटवली होती; मॅट आणि लाकूड यांच्यामध्ये पाणी साचून राहिलेलं. दरवर्षी पाडव्याला वरच्या बाजूला ऑईलपेंटचा जाड हात द्यायचो, खालची बाजू आणि फळीची कापलेली टोकं मात्र उघडी. लाकूड टोकांकडून पाणी शोषून घेत होतं आणि वरून रंगामुळे वाळत नव्हतं. दोन फळ्यांमधल्या फटी मी एम-सील भरून बुजवल्या होत्या. जुने पितळी स्क्रू झिजले म्हणून तिथे लोखंडी खिळे मारले होते. प्रत्येक खिळ्याभोवती गंजाचं काळं वर्तुळ, आणि त्या वर्तुळात लाकूड बोटानं खरवडलं तरी निघत होतं.

लाकूड पाण्यानं कुजतं असं आपण सहज म्हणतो. नुसत्या पाण्यानं ते कुजत नाही. कुजवते ती बुरशी, आणि बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. साधारण वीस टक्क्यांच्या खाली ओल ठेवली तर तिचं काही चालत नाही. उलट लाकूड पूर्ण पाण्यात बुडालेलं असेल तर हवेवाचून तिला जगता येत नाही. उन्हाळ्यात धरण उतरतं तेव्हा आमच्या काठाला जुन्या झाडांचे बुंधे चिखलातून वर येतात. ते मी लहानपणापासून बघतोय. कुऱ्हाड मारली तर आतून टणक. एवढी वर्षं पाण्याखाली राहून ते टिकले, आणि पाण्याच्या वर असलेल्या आमच्या फळ्या गेल्या, कारण मी त्यांना ना भिजू दिलं ना वाळू दिलं. दोन्हीच्या मधे दाबून ठेवलं. त्यातून हे गोडं पाणी. खाऱ्या पाण्यावरच्या होडीला मीठ तरी थोडं सांभाळतं. आणि पाऊस ताम्हिणीचा, जिथे २०२४च्या जुलैत एका दिवसात ५५६ मिलिमीटर पडला. अण्णांच्या वेळी त्या फळ्या उघड्याबोडक्या होत्या, मधे बोटभर फटी होत्या, पाऊस पडायचा, खाली गळायचा, उपसून टाकायचो, ऊन पडलं की लाकूड वाळायचं. मी त्यांचं रक्षण करायला लागलो तेव्हापासून त्या मरायला लागल्या.

सागाच्या अंगात जे तेल असतं तेही गाभ्याच्या लाकडात. कडेच्या पांढऱ्या लाकडाला ते संरक्षण नसतं. सातातल्या तीन फळ्यांना एका काठानं ही पांढरी पट्टी होती. माळ्यावर, चुलीच्या धुरात, कोरड्यात, तिला सत्तर वर्षं काही झालं नाही. आजींचा पाय गेला तो याच पट्टीवरून.

आई जेवणाचा डबा घेऊन काठावर आली तेव्हा मी फळ्यांच्या मधे बसून होतो. एका फळीच्या खालच्या अंगाला वाकसाचे घाव स्पष्ट दिसत होते, लहान लहान, एका लयीत, माशाच्या खवल्यांसारखे. पणजोबांच्या सुतारानं लाकूड तासलं त्याच्या खुणा. आणि त्या खवल्यांच्या ओळीतून आरपार गेलेला करवतीचा सरळ काप. तो अण्णांचा. त्याच्या शेजारी पेन्सिलीनं लिहिलेलं माप, अण्णांच्या हातचं, ‘२ फूट ७’. त्यांना खवले दिसले नसतील असं शक्य नाही. दिसले, आणि त्यांनी करवत चालवली.

मी आईला ते दाखवलं. म्हटलं, अण्णांनी मुद्दाम घरच्या फळ्या लाँचला घातल्या ना, आठवण राहावी म्हणून? आई डबा उघडत होती. ती म्हणाली, “आठवण कसली रे. पैसं नव्हतं तेव्हा. घर बांधून हात रिकामा झालेला. फळ्या पडल्या होत्या, घातल्या. चांगलं लाकूड मिळतंय म्हटलं असतं तर ह्या त्यांनी बंबात घातल्या असत्या.”

आईनं हे सहज सांगितलं. माझ्या घशाखाली घास उतरेना. पंधरा वर्षं मी अण्णांच्या नावानं जे सांभाळत होतो ते अण्णांच्या मनातही नव्हतं. त्यांच्या मनात साधी गोष्ट होती: लाँचला फळ्या हव्यात, माणसांनी पडू नये. पणजोबांनीही ते लाकूड टेपाडावर चढवलं ते दुसऱ्या दिवशी डोक्यावर छप्पर हवं होतं म्हणून. मोडलं, वाहिलं, कापलं, पुन्हा जोडलं. त्यांच्या पाठीला त्या लाकडाचं ओझं माहीत होतं. मी एकटाच त्याची पूजा मांडून बसलो होतो, आणि त्या पूजेच्या पायी एका म्हाताऱ्या बाईचा पाय पट्ट्यात जायचा राहिला.

चौथ्या बैठकीत मी उभा राहिलो आणि म्हणालो, माझं चुकलं, फळ्या बदलू. कुणी काही बोललं नाही. आजी म्हणाल्या, “बस आता खाली.” मी बसलो.

पुढचं काम मला जमणारं होतं. काहीजण जाळीदार उठावाची लोखंडी चेकर्ड प्लेट सुचवत होते. ती टिकते, पण ओली झाली की निसरडी होते आणि चैत्र-वैशाखात इतकी तापते की अनवाणी माणसाला उभं राहवत नाही. आमच्याकडे निम्मी माणसं अनवाणी असतात. नवा साग परवडणारा नव्हता, आणि जो परवडत होता तो ओला होता. तो सहा महिन्यांत वाकडा झाला असता. शेवटी मरीन प्लाय ठरवला, १८ मिलिमीटर जाडीचा.

पुण्याला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये दोन चकरा मारल्या. वॉटरप्रूफ म्हणून काहीही विकलं जातं. पाहायचा असतो तो आयएस ७१० हा छाप. त्या दर्जाच्या प्लायची चाचणी घेताना तुकडा ७२ तास उकळतात, आणि त्याचे थर सुटता कामा नयेत. पहिल्यांदा आणलेल्या मालावर छाप होता, तरी मी एक तुकडा कापून रविवारभर चुलीवरच्या हंड्यात उकळत ठेवला. संध्याकाळी त्याची पानं वहीसारखी उघडली. परत केला. दुसरा माल आणला त्याचा तुकडा दोन रविवार उकळला, तो जसाच्या तसा राहिला.

फळ्या कापताना घाई केली नाही. प्लाय वरून खालून मजबूत असतो, तो मरतो कडांनी. कापलेल्या कडेला थरांची टोकं उघडी पडतात आणि पाणी तिथून आत शिरतं. म्हणून प्रत्येक कड पॉलिश पेपरनं गोल केली आणि तिला इपॉक्सीचे तीन हात दिले, पहिला पातळ करून, म्हणजे तो आत मुरतो. हँडलसाठी पाडलेल्या भोकांच्या आतूनही दिला. खालच्या बाजूला आधी रंग, मग वरच्या. वरचा शेवटचा हात ओला असतानाच त्यावर नदीची चाळलेली बारीक वाळू भुरभुरली, वाळल्यावर सैल वाळू झाडली आणि वरून आणखी एक हात दिला. त्यावर आता पाय घसरत नाही.

महत्त्वाचं काम फळ्यांच्या खाली होतं. पूर्वी फळ्या लाकडी कडेवर नुसत्या टेकत. आता भोवती अँगलची चौकट केली, आणि मधल्या सांध्यांखाली पन्हाळीसारखे यू आकाराचे चॅनल टाकले. दोन फळ्यांमध्ये तीन मिलिमीटरची फट मुद्दाम सोडली. पाणी फटीतून पडतं ते चॅनलमध्ये, तिथून उतारानं नळीत आणि नळीतून बाहेर धरणात. पाणी येऊ द्यायचं आणि त्याला जायला वाट द्यायची. फळी चौकटीवर चार रबरी गुटक्यांवर टेकते, म्हणजे तिच्या खालून वारा जातो. स्क्रू सगळे स्टेनलेस स्टीलचे. वेल्डिंग कारखान्यातल्या माझ्या दोन मित्रांनी सुट्टीच्या दिवशी येऊन केलं, मजुरी घेतली नाही, आईच्या हातचं मटण खाल्लं.

जुन्या फळ्या आठवडाभर पडवीत उभ्या होत्या. त्यातल्या दोन गाभ्याच्या होत्या, चांगल्या. एक आईनं कांद्या-बटाट्यांच्या फडताळाला लावली, दुसरी शेजारच्यांनी गोठ्याच्या दाराला मागून नेली. बाकीच्या पाच तिनं बंबात घातल्या. त्या सकाळी मी कामावर लवकर निघालो. संध्याकाळी आलो तेव्हा आई म्हणाली, साग चांगला जळतो, पाणी लवकर तापलं. खवल्यांचा तुकडा तिनं बाजूला काढून ठेवला असेल अशी मला आशा होती. तिनं ठेवला नव्हता, आणि मी विचारलं नाही.

यंदाचा पाऊस जूनमध्येच चांगला लागला. पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी मी तिसरी फळी उचलली आणि तिच्या खालच्या अंगावरून तळहात फिरवला. कोरडी होती. इंजिनाच्या टाकीवर धूळ बसलेली, म्हणजे तिथेही थेंब नाही. चॅनलच्या नळीतून बारीक धार धरणात पडत होती.

आजी आता नियमानं येतात-जातात. पोटरीवर वळ राहिला आहे. लाँचमध्ये चढल्या की त्या पहिल्या फळीवर पाय ठेवतात, दुसरीवर ठेवतात, मग कडेची दांडी धरून तिसरी ओलांडतात आणि चौथीवर येतात. मी एकदा त्यांना सांगितलं, आजी, फळी नवी आहे, मी स्वतः त्यावर उड्या मारून बघितल्यात. त्या म्हणाल्या, “अस्सं का, बरं.” आणि परवा पुन्हा ओलांडून गेल्या.